भीमाशंकरची शेकरू फेरी: निघण्यापूर्वी एवढे वाचा

शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, हा आपला राज्यप्राणी. तरी भीमाशंकरला दहादा दर्शनाला जाऊनही तो न दिसलेले लोक पुष्कळ आहेत, कारण त्यांची नजर वाटेवर असते. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याचा सगळा वावर शेंड्याशेंड्यांनी. म्हणून आमच्या फेरीत आधी घरटे शोधायचे, मग प्राणी.

घरटे म्हणजे काटक्या आणि पानांचा फुटबॉलपेक्षा मोठा गोळा. दोन झाडांचे शेंडे एकमेकांना भिडतात तिथे, बारीक फांद्यांत तो बांधलेला असतो. वजनदार शिकाऱ्याला तिथवर जाता येत नाही आणि पळायला शेजारचे झाड तयार असते. कावळ्याचे घरटे वरून उघडे, हे चहूबाजूंनी बंद. एकेका शेकरूची अनेक घरटी असतात, त्यामुळे दिसेल त्या घरट्याखाली तळ ठोकू नका. हिरवी पाने खोचलेली असतील तर वापर चालू आहे. पाने तपकिरी पडून आरपार उजेड दिसत असेल तर पुढे चला. खाली कुरतडलेल्या बिया आणि ताज्या सालीचे तुकडे सापडले, तर मात्र वीस-पंचवीस पावले मागे सरून गप्प बसा. चाहूल लागली की शेकरू खोडाला चिकटून निश्चल होतो. अशा वेळी तांबूस पाठ पानांत हरवते, पण धडापेक्षा लांब शेपटी खाली लोंबत राहते. आधी तीच शोधा.

उजाडल्यापासून 10 पर्यंत आणि दुपारी 4 नंतर तो खाण्यात दंग असतो, मधल्या उन्हात विसावतो. पुण्याहून पहाटे 3.30 ला निघायचे ते यासाठीच. जून ते सप्टेंबर धुक्यात शेंडेच दिसत नाहीत, म्हणून शेकरू फेऱ्या आम्ही ऑक्टोबरनंतर ठेवतो. महाशिवरात्रीच्या आसपासही नाही; गर्दी आणि भोंगे.

दुर्बीण 8 × 42 ची (8 पट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग 42 मिमीचे) आणा. 10 पटींची घेतली तर हात हलल्याचे जास्त जाणवते आणि दृश्याचा घेर सहसा लहान मिळतो. शेकरूने उडी मारली की तो चौकटीतून गेलाच. वापरण्यापूर्वी उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा. मग डावी झाकून, मधले चाक न हलवता, उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. (काही दुर्बिणींत ही कडी डावीकडे असते, तिथे क्रम उलटा.) चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी वलये आत दाबा, नाहीतर कडेने काळे दिसते.

कपडे खाकी किंवा मातकट हिरवे, बाह्या पूर्ण. गवतात गोचीड असतात, पँट मोज्यांत खोचा. प्रत्येकी 2 लिटर पाणी. अत्तर लावू नका, धूर करू नका: आग्यामोहोळ उठले तर दर्पाच्या माणसामागे लागते. तसे झालेच तर हात न झाडता, तोंड झाकून झाडीतून लांब पळा. पाण्यात उडी घेऊ नका, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. माकडांना शेंगदाणा-बिस्किट देणाऱ्याला आम्ही पुढच्या फेरीत घेत नाही.

1985 पासून हे अभयारण्य आहे. वन विभागाचे प्रवेशशुल्क आणि कॅमेऱ्याचे शुल्क नाक्यावर ज्याचे त्याने भरायचे, पावती परतीपर्यंत जपायची. आपली फेरी जंगलातल्या गुप्त भीमाशंकर या ठिकाणाच्या वाटेने जाते. पायथ्याच्या खांडस गावाहून शिडी घाटाच्या चढाने वर येऊन फेरीत मिळू का, असे पुष्कळ जण विचारतात. नको. त्या चढाने दमलेला माणूस धापा टाकत पोचतो आणि शेकरू त्याच्या आधी निघून जातो.