जनुक चाचणी नैराश्याची ‘योग्य गोळी’ शोधून देते का?

‘जनुक चाचणी केली की नैराश्यावरची कोणती गोळी बाधेल हे आधीच कळतं’ हा समज चुकीचा आहे. चाचणी मुख्यतः सीवायपी२डी६ आणि सीवायपी२सी१९ ही जनुकं पाहते. शरीर औषधाचा निचरा किती वेगाने करतं, एवढाच अंदाज त्यातून येतो. तो मोलाचा आहेच. सीवायपी२सी१९ अगदी मंद असेल तर सिटॅलोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध रक्तात साठतं, ईसीजीतला क्यूटी कालावधी (प्रत्येक ठोक्यातल्या हृदयाच्या विद्युत-चक्राचा वेळ) लांबतो आणि ठोके बिघडण्याचा धोका वाढतो. म्हणून दिवसाची कमाल मात्रा ४० ऐवजी २० मिलिग्रॅम. पण मळमळ, लैंगिक तक्रारी किंवा आत्महत्येचे विचार कोणाला येतील, हे अहवाल खात्रीने सांगू शकत नाही. शिवाय पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं चालू असतील, तर कागदावर ‘सामान्य’ असलेलं सीवायपी२डी६ प्रत्यक्षात मंदावतं. चालू औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांना दाखवाच. आणि अहवाल वाचून गोळी परस्पर थांबवू नका: अचानक सोडल्यास चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते.