उंचीची थंडी वेगळी, डोंगराआडचा कोरडेपणा वेगळा

नेपाळच्या मुस्तांग जिल्ह्यातल्या मुक्तिनाथची यात्रा करून आलेल्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "फार उंचावर आहे ना, म्हणून तिकडे सगळं ओसाड." यातलं अर्धंच खरं आहे. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे आणि तिथली थंडी उंचीमुळेच आहे. ओसाडपणाचं कारण मात्र उंची नाही. नेपाळसारख्या डोंगराळ, भूवेष्टित देशाचं हवामान समजून घेताना या दोन गोष्टींची फार सरमिसळ होते, कारण नेमक्या ज्या भागात आपली माणसं जातात, त्या मुस्तांग जिल्ह्यात त्या दोन्ही एकत्र भेटतात.

उंचीचा हिशेब सरळ आहे. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो, हवा प्रसरण पावते आणि थंड होते. साधारणपणे दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश. नेपाळची दक्षिणोत्तर रुंदी सरासरी दोनशे किलोमीटरही नाही. तेवढ्यात जमीन दक्षिणेकडच्या सपाट तराईतल्या शंभर मीटरच्या आतल्या शेतांपासून ८,८४८.८६ मीटरच्या एव्हरेस्टपर्यंत चढते. म्हणूनच एकाच दिवशी तराईत घाम निथळत असतो आणि वर बर्फ पडत असतो. काठमांडूला हिमालयातलं शहर म्हणून बर्फ बघायला जाणारे निराश होतात, त्याचंही कारण हेच. ते शहर जेमतेम १,४०० मीटरवर आहे. तिथे फेब्रुवारी २००७ मध्ये बर्फ पडला, तो सहा दशकांहून जास्त काळानंतर.

या नियमाला एक अपवाद आहे. डिसेंबर-जानेवारीत तराईवर दिवसचे दिवस दाट धुकं बसतं, ऊन जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, आणि वरच्या टेकड्यांवरची गावं उन्हात न्हात असताना खाली जनकपूरकडे लोक शेकोटी सोडत नाहीत. तेवढे दिवस खालचा माणूस वरच्यापेक्षा जास्त गारठतो.

आता पाण्याकडे वळू. नेपाळला समुद्र नाही, पण त्याचा पाऊस समुद्राचाच आहे. वर्षभराच्या पावसापैकी सुमारे ८० टक्के पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि त्याची वाफ मुख्यतः बंगालच्या उपसागरावरून येते. हे वारे हिमालयाला धडकतात, वर चढतात, गार होतात आणि दक्षिण उतारावर रिते होतात. पोखराजवळच्या लुमले गावाला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, म्हणजे साधारण आपल्या महाबळेश्वरएवढा. तिथून सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, अन्नपूर्णा आणि धौलागिरीच्या मागे मुस्तांगमधलं जोमसोम आहे. तिथे वर्षाला तीनशे मिलिमीटरही पडत नाही. डोंगर ओलांडून खाली उतरणारी हवा पुन्हा तापते आणि तिच्यात उरलेली वाफ ढग धरू शकत नाही. शाळेच्या भूगोलातला पर्जन्यछायेचा प्रदेश तो हाच.

मग हा कोरडेपणा उंचीमुळे नाही कशावरून? पुरावा त्याच रस्त्यावर आहे. पोखराहून बेनी, तातोपानी, घासा करत जीप काली गंडकीच्या घळीतून वर चढते. एका बाजूला ८,१६७ मीटरचा धौलागिरी, दुसऱ्या बाजूला ८,०९१ मीटरचा अन्नपूर्णा, मधे नदी. लेते आणि कालोपानी ही गावं अडीच हजार मीटरच्या आसपास आहेत. तिथे सूचिपर्णी वृक्षांचं दाट रान आहे आणि घरांची छपरं उतरती आहेत. पुढे वीसेक किलोमीटरमध्ये रान विरळ होतं, तुकुचेच्या पुढे खुरटी झुडपं उरतात, आणि मार्फा येईपर्यंत छपरं सपाट मातीची होतात. त्यांच्या कडेने सरपणाच्या मोळ्या रचून ठेवलेल्या असतात, कारण पावसात भिजण्याची भीतीच नाही. सोलापूर-मराठवाड्याकडचं माळवद ज्यांनी पाहिलंय त्यांना हे छप्पर ओळखीचं वाटेल. लेतेपासून जोमसोमपर्यंत उंची वाढते ती जेमतेम अडीचशे मीटर. त्या हिशेबाने तापमानात दीड अंशाचा फरक. पाऊस मात्र लेतेला हजार मिलिमीटरच्या वर आणि जोमसोमला त्याच्या पावपट. उंची जवळपास तीच, पाणी गेलं.

उलट बाजूनेही तपासता येतं. एव्हरेस्टच्या वाटेवरचा तेंगबोचेचा मठ ३,८६० मीटरवर, म्हणजे मुक्तिनाथपेक्षाही वर आहे. पण तो डोंगराच्या ओल्या अंगाला आहे, म्हणून त्याच्याभोवती भूर्ज आणि गुरांसचं (म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचं) जंगल आहे. वसंतात गुरांस फुलतो तेव्हा नुसत्या उंचीने जमीन ओसाड होत नाही हे डोळ्यांनी दिसतं. आणि थंडीशिवायचा कोरडेपणा बघायला तर नेपाळलाही जायला नको. महाबळेश्वराच्या पलीकडचे माण-खटाव बघा. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि उन्हाळ्यात अंग भाजून निघतं. तेंगबोचेला थंडी आहे पण कोरडेपणा नाही, माणला कोरडेपणा आहे पण थंडी नाही. मुस्तांगच्या वाट्याला दोन्ही आले, म्हणून आपण दोन्हींचं खापर एकट्या उंचीवर फोडतो.

अर्थात दोन्ही एकत्र आले की एकमेकांना जोर देतात हेही खरं. हवेत वाफ नाही, आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता सोडून देते. दुपारी अंगात टीशर्ट आणि पहाटे नळ गोठलेला, असं तिथे सहज होतं.

मुस्तांगचा वारा हा तिसराच प्रकार. सकाळी शांत असलेलं जोमसोम दहा-अकरानंतर धुळीने भरून जातं. ऊन वर आलं की उत्तरेकडचा उघडा, कोरडा मुलूख तापतो, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेकडची हवा या अरुंद घळीतून घुसते. पोखरा-जोमसोम विमानं सकाळीच उडतात ती यामुळे. हा वारा ओल्या बाजूकडून येत असूनही घळीच्या तळाशी पाऊस पाडत नाही. ढग दोन्ही बाजूंच्या उतारांना चिकटून वर चढतात आणि मधल्या पट्ट्यावर आकाश मोकळं राहतं.

जाणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. मुक्तिनाथला दम लागतो, डोकं धरतं, ते उंचीमुळे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो, आणि ते टाळायचं तर वाटेत मुक्काम करत हळूहळू चढायचं, आणि तरीही त्रास वाढला तर खाली उतरायचं. ओठ फुटतात, घसा कोरडा पडतो, ते कोरड्या हवेमुळे आणि वाऱ्यामुळे. त्यावर पाणी पीत राहणं आणि तोंडाला रुमाल बांधणं पुरतं. ज्येष्ठ मंडळी दम लागल्यावरही "हवा कोरडी आहे" म्हणून अंगावर काढतात, ते धोक्याचं आहे. दुसरं असं की "मुस्तांगात पाऊस नसतो" म्हणून श्रावणात बेत आखणाऱ्यांनी वाटेचा विचार करावा. मुक्तिनाथ डोंगराआड आहे, पण बेनी ते घासा हा रस्ता भर पावसाच्या पट्ट्यात आहे आणि तिथे दरडी कोसळतात. यायला-जायला दोन दिवस जास्तीचे हाताशी असलेले बरे.

हवामान बदलताना या दोन गोष्टी वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडतायत, हे मला सर्वांत चिंतेचं वाटतं. उंचीने दिलेली थंडी कमी होत चालली तसं वरच्या मुस्तांगमध्ये बर्फ कमी टिकू लागला. तिथली शेती पावसावर नाही, वितळणाऱ्या बर्फाच्या पाटांवर चालते. पाट आटले तशी सामजोंग आणि ढ्ये या गावांतल्या लोकांवर वस्ती हलवण्याची वेळ आली. डोंगराआडचा कोरडेपणाही पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कागबेनीला मुसळधार पाऊस झाला, ओढ्याला चिखल-दगडांचा लोंढा आला आणि घरं वाहून गेली. मातीची सपाट छपरं अशा पावसासाठी बांधलेलीच नाहीत, ती गळू लागली आहेत, आणि लोक त्यांच्यावर पत्रे घालू लागले आहेत. एकाच जिल्ह्यात, एका गावाला पाणी नाही म्हणून उठावं लागतं आणि दुसऱ्याच्या घरात पाणी शिरतं.