तांब्याची नळी गळतेय? आम्ही पोचेपर्यंत एवढं करा

लातूरकर मंडळी, 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते कुणी विसरलेलं नाही. म्हणून सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या नळीकडं ‘एवढ्याशानं काय होतंय’ म्हणून बघू नका. एका मिलिलिटरला 20 थेंब धरले तरी दिवसाला 4 लिटरच्या वर पाणी जातं.

आपल्याकडं घरभर तांब्याची लाइन क्वचितच असते. तांबं सापडतं ते गच्चीवरच्या सपाट पेटीच्या सोलरला, गिझरच्या जोडणीला आणि गॅस गिझरच्या आत.

आधी टाकीचा कॉक बंद करा, गिझरचं बटण बंद करा आणि घरातला सगळ्यात खालचा नळ उघडून लाइन रिकामी करा. सोलरला मात्र भर दुपारी हात लावू नका, आतलं पाणी हात भाजण्याइतकं तापलेलं असतं. सकाळी लवकर बघा.

ओलं दिसतं तिथंच गळतं असं नाही. पाणी नळीच्या पोटाला धरून सरकतं आणि भलतीकडंच टपकतं. नळी पुसून कोरडी करा, वर्तमानपत्राची पट्टी वरून खाली गुंडाळत या आणि कॉक थोडा उघडा; कागद आधी जिथं भिजेल तिथं छिद्र. जुनी गळती असेल तर तिथं हिरवट-निळा कळंक चढलेला दिसेल.

रात्र काढायची असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी छिद्रावर दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळा आणि वरून दोन होज क्लिप (स्क्रूनं आवळायचे पत्र्याचे पट्टे) आवळा. टेफ्लॉन टेप इथं कामाची नाही, ती फक्त आट्यांसाठी. मळून लावायची साधी एपॉक्सी गळत्या, ओल्या नळीवर सहसा धरत नाही. तरीही दहातल्या आठ घरी आम्हाला नळीला चिकटलेला तिचा गोळा दिसतो आणि खालून पाणी चालूच असतं!

कायमचा इलाज म्हणजे खराब तुकडा कापून नवा घालणं आणि डाख देणं, म्हणजे आजचं सोल्डरिंग. नळीचं टोक बाहेरून आणि सॉकेट (दोन नळ्या जोडणारा तुकडा) आतून पॉलिश पेपरनं चकचकीत घासा, फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून लावायची पेस्ट) लावा, आणि आच सॉकेटला द्या, सोल्डरच्या तारेला नव्हे. सांधा तापला की सोल्डर आपोआप आत ओढलं जातं. घरी केलेला डाख फसतो तो बहुधा नळीत उरलेल्या पाण्यामुळं. पाणी 100 अंशांच्या वर तापत नाही आणि शिसंविरहित सोल्डर वितळायला 220 च्या आसपास लागतात. म्हणजे आत पाणी आहे तोवर सांधा तापणारच नाही. थेंब थांबतच नसेल तर पावाचा मऊ गर नळीत कोंबा. काम झाल्यावर नळाची जाळी काढून पाणी सोडा, गर विरघळून निघून जातो. (भाकरी चालत नाही, एकानं करून पाहिलंय.) रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं सोल्डर पाण्याच्या नळीला वापरू नका, त्यात बहुधा शिसं असतं.

सोल्डरिंगच्या गॅस टॉर्चची, म्हणजे आगीची, भीती वाटत असेल तर पितळी कॉम्प्रेशन कपलिंग (नट आवळून बसणारा जोड) घ्या. दोन पाने लागतात: एकानं कपलिंगचं अंग धरायचं, दुसऱ्यानं नट फिरवायचा. हातानं घट्ट झाल्यावर साधारण एक फेरा बास. जोर लावून आवळलं तर आतली रिंग नळीच चेपते.

जुन्या लोखंडी जी.आय. पाइपला तांबं थेट जोडू नका, मध्ये पितळी तुकडा घाला. नाहीतर लोखंड लवकर सडतं आणि दोष मात्र तांब्याला.

गॅस गिझरच्या आतली कॉइल गळत असेल तर गॅस आणि पाणी दोन्ही बंद करा, उघडू नका. त्यावर ठिगळ आम्हीही लावत नाही, कॉइलच बदलतो. आणि त्याच नळीला वर्षभरात दुसरं छिद्र पडलं तर पुन्हा तुकडा घालून डाख देण्यात पैसे घालवू नका, ती सगळी नळीच बदला.

बोलावताना एवढं सांगा: नळीचा बाहेरचा व्यास (दोऱ्यानं घेर मोजून 3.14 नं भागा), पाणी बोअरचं की नळाचं, आणि गळती गरम लाइनला आहे की गार. म्हणजे सामान घेऊनच निघता येतं, दुसरी फेरी पडत नाही.