यरुशलेमसाठीची वर्गणी

यरुशलेमसाठीची वर्गणी म्हणजे प्रेषित पौलाने इसवी सन ५० नंतरच्या सहा-सात वर्षांत आजच्या तुर्की आणि ग्रीसमधल्या ख्रिस्ती मंडळ्यांकडून (मंडळी म्हणजे एका गावच्या ख्रिस्ती लोकांचा समूह) यरुशलेममधल्या गरीब ख्रिस्ती लोकांसाठी जमवलेला पैसा. ख्रिस्ती दानधर्म हा विषय निघाला की लोक एकदम दशमांशावर येतात, पगाराचा दहावा हिस्सा द्यायचा का, ग्रॉसवर की नेटवर वगैरे, पण आपल्याजवळचं दुसऱ्याला का द्यायचं, किती द्यायचं आणि गोळा झालेल्या पैशाला हात कोणी लावायचा हे सगळं नव्या करारात सगळ्यात मोकळेपणाने बोललं गेलंय ते या वर्गणीच्या निमित्ताने. पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या (करिंथकरांस पहिलं पत्र) १६व्या अध्यायात मराठी बायबलने शब्दच 'वर्गणी' असा घातलाय आणि तो फार नेमका बसतो, कारण वर्गणी ही भीक नाही आणि कुणा एका शेटजींची देणगीही नाही, ती सगळ्यांनी मिळून काढायची असते. मूळ ग्रीक शब्द 'लोगेइया', तो इजिप्तमध्ये मिळालेल्या जुन्या पपायरसवर देवळासाठी किंवा करापोटी पैसे गोळा करण्याच्या अर्थाने सापडतो, म्हणजे रोजच्या व्यवहारातलाच शब्द.

ही वेळ का आली

यरुशलेमची मंडळी सगळ्यात जुनी. तिथले लोक सुरुवातीला जमिनी, घरं विकून पैसे आणून प्रेषितांच्या पायाशी ठेवायचे आणि ज्याला जशी गरज तसं वाटप व्हायचं, कुप्र (सायप्रस) बेटाच्या बर्णबाने आपलं शेत विकलं ते याच काळात. पण तिथेही सगळं सुरळीत नव्हतं, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातंय अशी कुरकुर झाली आणि त्यासाठी सात माणसं वेगळी नेमावी लागली. नंतर क्लौद्य बादशहाच्या कारकिर्दीत (इ.स. ४१ ते ५४) यहुदियात दुष्काळ पडला. हा दुष्काळ नुसता बायबलमध्ये नाही, यहुदी इतिहासकार जोसेफसही लिहितो की आदियाबेनेची राणी हेलेना तेव्हा यरुशलेममध्ये होती, तिने माणसं पाठवून अलेक्झांड्रियाहून धान्य आणि कुप्रहून सुके अंजीर आणवले आणि उपाशी लोकांना वाटले. सूरियातल्या (सिरिया) अंत्युखिया शहराच्या मंडळीनेही ऐपतीप्रमाणे पैसे काढून बर्णबा आणि पौल (तेव्हा त्याला शौल म्हणत) यांच्या हाती पाठवले. ही झाली पहिली मदत, एकाच शहरातून आलेली.

मोठी वर्गणी सुरू झाली ती यानंतर. सुमारे ४८-४९ साली यरुशलेममध्ये बैठक झाली, वाद असा होता की यहुदी नसलेले लोक ख्रिस्ती झाले तर त्यांनी सुंता वगैरे यहुदी नियम पाळायचे की नाही. तिथले पुढारी याकोब, केफा म्हणजे पेत्र, आणि योहान यांनी पौलाच्या हातात हात दिला, तुम्ही विदेश्यांकडे (म्हणजे यहुदी नसलेल्यांकडे) जा आम्ही यहुद्यांकडे जातो असं ठरलं, आणि पौल गलतीकरांस पत्रात सांगतो की त्यांनी एकच गोष्ट मागितली, गरिबांची आठवण ठेवा, आणि ते तर मी मनापासून करतच होतो. इतक्या मोठ्या धर्मविषयक भांडणाच्या शेवटी जी एक अट उरली ती गरिबांची होती, हे मला या सगळ्या प्रकरणात फार महत्त्वाचं वाटतं.

पैसे गोळा करायची पद्धत

सूचना अगदी साधी. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, प्रत्येकाने आपल्याला जसं मिळालंय त्या मानाने काहीतरी आपल्यापाशी बाजूला काढून ठेवायचं, म्हणजे पौल आल्यावर ऐनवेळी धावपळ नको. ग्रीक शब्दांवरून बहुतेकांना वाटतं की हे घरीच साठवायचं होतं. इथे दहावा हिस्सा नाही, आकडाच नाही. करिंथ हे दोन बंदरांचं व्यापारी शहर, मंडळीत काही पैसेवाले होते पण हमाल, गुलाम, हातावर पोट असलेलेच जास्त असणार, आणि याच मंडळीत प्रभुभोजनाला खाते-पिते लोक आधी येऊन जेवून घ्यायचे आणि मागून येणारा उपाशी राहायचा, त्यावरून पौलाने त्यांना चांगलंच सुनावलंय. अशा ठिकाणी एका श्रीमंताकडून मोठी रक्कम उचलणं कितीतरी सोपं होतं. त्याने ते केलं नाही, दर आठवड्याला प्रत्येकाकडून थोडं थोडं असं ठेवलं.

ही गोष्ट कळायला त्या काळच्या रोमन शहरात दान कसं चालायचं ते बघावं लागतं. श्रीमंत माणूस स्वतःच्या खर्चाने चौक बांधायचा, खेळ भरवायचा, धान्य वाटायचा आणि बदल्यात दगडावर नाव, सभेत पुढची जागा आणि ज्यांनी घेतलं त्यांची कायमची मिंधेगिरी मिळायची. करिंथमध्येच १९२९ साली खोदकामात फरसबंदीवरचा एक लेख सापडला, एरास्त नावाच्या अधिकाऱ्याने पद मिळाल्याबद्दल ही फरशी स्वतःच्या पैशाने घातली असा. पौल रोमकरांस पत्रात शहराचा खजिनदार एरास्त याचा नमस्कार सांगतो, तो हाच का यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण तो दगड बघितला की दानाची ती रीत डोळ्यापुढे येते. आणि मग यरुशलेमच्या वर्गणीबद्दल पौलाने जे काही लिहिलंय ते वाचा, त्यात एकाही देणाऱ्याचं नाव नाही आणि एकही रक्कम नाही.

करिंथकरांचा ढिलेपणा

करिंथकरांनी उत्साहाने सुरुवात केली आणि मग गाडी अडली. मधे पौलाशी त्यांचं बिनसलं होतं, आणि दुसऱ्या पत्राच्या १२व्या अध्यायावरून दिसतं की तिथे कुजबुज चालली होती, हा माणूस आमच्याकडून पगार घेत नाही म्हणतो पण वर्गणीच्या नावाखाली गोड बोलून लुटतोय. पौल तिथे राहुट्या शिवून पोट भरायचा, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर. त्याला हे किती लागलं असेल ते त्याच्या प्रश्नांतून कळतं, मी पाठवलेल्यांपैकी कुणी तुम्हाला लुबाडलं का, तीताने (हा त्याचा सहकारी) लुबाडलं का, असं तो सरळ विचारतो.

दुसऱ्या पत्राचे ८ आणि ९ हे दोन अध्याय पूर्ण या वर्गणीवरच आहेत. आधी तो ग्रीसच्या उत्तरेकडच्या मासेदोनियाचं उदाहरण देतो, फिलिप्पै, थेस्सलनीका इकडचे लोक, स्वतः कमालीच्या गरिबीत आणि छळात, पण त्यांनी ताकदीबाहेर दिलं आणि आम्हालाही यात घ्या म्हणून विनवण्या केल्या. म्हणजे पौल बहुतेक त्यांच्याकडून घ्यायला कचरत होता आणि तेच मागे लागले! मग तो सांगतो की मी हुकूम करत नाहीये. मग ख्रिस्ताची आठवण देतो, तो धनवान असून तुमच्यासाठी गरीब झाला. आणि मग येतं ते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओझं असं व्हावं म्हणून नव्हे तर समता व्हावी म्हणून, आज तुमच्याकडचं जास्तीचं त्यांची उणीव भरेल, उद्या त्यांच्याकडचं तुमची. दाखला देतो तो रानातल्या मान्न्याचा (जुन्या करारात देवाने इस्राएल लोकांना रानात दिलेलं अन्न), ज्याने पुष्कळ गोळा केला त्याचं जास्त झालं नाही, ज्याने थोडा केला त्याला कमी पडलं नाही.

समता हा शब्द वाचताना आपण नेहमी घाईने पुढे जातो असं मला वाटतं. दया असती तर देणारा वर आणि घेणारा खाली राहिला असता. पौल म्हणतो पारडं आज इकडे झुकलंय, उद्या तिकडे झुकेल, आणि रोमकरांस पत्रात तर तो उलटंच सांगतो की विदेशी मंडळ्याच यरुशलेमच्या ऋणी आहेत, आत्मिक गोष्टी तिथून आल्या तर ऐहिक गोष्टींनी त्यांची सेवा करणं हे कर्ज फेडण्यासारखं आहे. या वर्गणीसाठी तो जे शब्द वापरतो तेही बघण्यासारखे आहेत, 'खारिस' म्हणजे कृपा, 'कोइनोनिया' म्हणजे सहभागिता, 'दियाकोनिया' म्हणजे सेवा, 'लेइतुर्गिया' म्हणजे लोकांसाठीचं काम आणि उपासनाही. पैशाला इतके पवित्र शब्द.

९व्या अध्यायातलं "संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो" हे वाक्य अर्पणाच्या पाकिटांवरसुद्धा छापलेलं असतं. त्याच्या आधीचं पेरणीचं वाक्य, जो हात राखून पेरतो तो तशीच कापणी करील, हे आजकाल काही प्रचारक असं वापरतात की आम्हाला हजार द्या देव तुम्हाला लाख देईल, आणि कर्ज काढून देणारी साधी माणसं त्यात भरडली जातात. हे चुकीचं आहे आणि ते स्पष्ट सांगायला हवं. तो अध्याय गरिबीत असलेल्या दुसऱ्या गावच्या लोकांसाठी लिहिलाय, आणि देव तुम्हाला भरपूर देईल ते कशासाठी तर प्रत्येक चांगल्या कामासाठी तुमच्याकडे भरपूर असावं म्हणून, असं तिथेच पुढे लिहिलंय.

हिशोब आणि प्रवास

पौल पैशाला एकट्याने हात लावत नाही. तीताबरोबर आणखी दोन भाऊ पाठवतो, त्यातला एक तर मंडळ्यांनी निवडून दिलेला, आणि कारणही देतो, एवढ्या मोठ्या रकमेवरून आमच्यावर कुणी ठपका ठेवू नये, प्रभूपुढेच नाही तर माणसांपुढेही जे चांगलं दिसतं त्याची आम्ही काळजी घेतो. चर्चच्या ऑडिटबद्दल आज जो वाद होतो ना, देवाच्या कामात हिशोब कसला मागता असं म्हणणारे असतात, त्यांनी हे वाक्य वाचावं.

तेव्हा पैसा पाठवायचा म्हणजे नाणी वाहून न्यायची, समुद्रात वादळं आणि रस्त्यात दरोडेखोर. सुमारे ५७ साली पौल करिंथ भागात तीन महिने राहिला, रोमकरांस पत्र तिथूनच लिहिलं असं मानतात, आणि तिथून जहाजाने सूरियाला निघणार तर त्याच्याविरुद्ध कट झाल्याचं कळलं, म्हणून उलट मासेदोनियातून फिरून गेला. बरोबर होते बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकेचे अरिस्तार्ख आणि सकुंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आसिया प्रांतातले (आजच्या तुर्कीचा पश्चिम भाग) तुखिक आणि त्रफिम. हे बहुधा आपापल्या मंडळीचे पैसे घेऊन निघालेले प्रतिनिधी, म्हणजे नुसती थैली पोचवायची नव्हती, ज्यांनी दिलं त्यांची माणसं घेणाऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहणार होती, यहुदी आणि विदेशी समोरासमोर.

पुढे काय झालं ते नीट कळत नाही याचं वाईट वाटतं. पौलाला आधीच धाकधूक होती, त्याने रोमकरांना प्रार्थना करायला सांगितलं होतं की ही सेवा यरुशलेमच्या पवित्र जनांना पसंत पडावी. तिथे पोचल्यावर याकोबाच्या लोकांनी त्याला नवस केलेल्या चार जणांचा खर्च भरायला सांगितला, तो मंदिरात गेला, त्रफिम या विदेश्याला त्याने आत, जिथे विदेश्यांना मनाई होती तिथे, नेलं असा आरोप झाला, दंगल उसळली आणि त्याला अटक झाली. वर्गणी स्वीकारली की नाकारली यावर प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक गप्प आहे, फक्त नंतर फेलिक्स सुभेदारापुढे पौल एका वाक्यात म्हणतो की मी माझ्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो होतो.

नंतरची वाट

पद्धत मात्र टिकली. सुमारे १५५ साली जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक रोममधून लिहितो की रविवारच्या उपासनेत ज्यांची ऐपत आणि इच्छा आहे ते देतात, आणि जमलेलं अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे यांच्यावर खर्च होतं. २५१ च्या सुमारास रोमची मंडळी दीड हजारावर विधवा आणि गरजू लोकांना सांभाळत होती, तसं बिशप कर्नेलियसच्या पत्रात आहे. चौथ्या शतकात ज्युलियन बादशहा, जो ख्रिस्ती धर्माच्या विरोधात होता, तोच चिडून लिहितो की हे गालीलवाले (म्हणजे ख्रिस्ती) त्यांच्या गरिबांबरोबर आमचेही गरीब पोसतात.

महाराष्ट्रात याची आठवण दुष्काळातच येते. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, १९०० मध्ये गुजरातमधून आणखी आल्या, आणि या सगळ्याला परदेशातल्या मंडळ्यांतून पैसा येत होता. आणि उलट्या बाजूला, मिझोराममध्ये बायका दर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ वेगळे काढून चर्चला देतात, 'बुहफाई थाम' म्हणतात त्याला, शंभरावर वर्षं चालू आहे. आपल्यापाशी बाजूला काढून ठेवा या सूचनेचं इतकं सरळ रूप मला दुसरं माहीत नाही.

आपल्याकडच्या गावातल्या मंडळ्यांत सुगीचा सण असतो तेव्हा वेदीपुढे ज्वारीची कणसं, बाजरी, भोपळे, पाय बांधलेली कोंबडी, टोपलीत अंडी असं सगळं मांडलेलं असतं आणि उपासना झाली की बाहेर पटांगणात लिलाव. ज्या म्हातारीकडे द्यायला काही नसतं ती चार अंडी आणते, रुमालात गुंडाळून, आणि तीच अंडी कुणीतरी बाजारभावाच्या दसपट बोली लावून घेतो आणि परत टेबलावर ठेवतो, मग पुन्हा बोली, पुन्हा परत, पाच-सहा वेळा. शेवटी अंडी कुणाच्या घरी गेली ते कुणाच्या लक्षात राहत नाही. जमलेला आकडा पुढच्या रविवारी पंचकमिटीतला एक जण उभा राहून सगळ्यांसमोर वाचून दाखवतो.