‘इंटरनेट आवश्यक’ म्हणजे नक्की किती वेळा?

गेम विकत घेताना खाली बारीक अक्षरात ‘इंटरनेट आवश्यक’ असं लिहिलेलं असतं आणि आपण म्हणतो ठीके, नेट तर आहेच की. पण त्या दोन शब्दांमागे दोन अगदी वेगळ्या भानगडी असतात. एक म्हणजे ॲक्टिव्हेशन: इन्स्टॉल केल्यावर गेम एकदा कंपनीच्या सर्व्हरला विचारतो की ही कॉपी खरी आहे का, तिकडून हो आलं की झालं, मग खुशाल नेट काढून टाका. दुसरी म्हणजे ऑलवेज ऑनलाइन, हा गेम चालू करताना विचारतो आणि खेळतानाही सारखा विचारतच राहतो, उत्तर आलं नाही की खेळ बंद. लोक दोन्हीला मिळून ‘ऑनलाइन डीआरएम’ (डीआरएम म्हणजे कॉपी रोखायचं कुलूप) म्हणतात आणि मग एकाच्या शिव्या दुसऱ्याला पडतात.

ॲक्टिव्हेशनचा खरा त्रास मोजण्यात आहे. २००८ मध्ये स्पोर हा गेम आला तेव्हा त्यात सिक्युरॉम नावाचं डीआरएम होतं आणि फक्त ३ ॲक्टिव्हेशन मिळत होती. लोक इतके भडकले की ॲमेझॉनवर एक-एक स्टारच्या रिव्ह्यूंचा ढीग लागला, मग गेम काढणाऱ्या ईए कंपनीने मर्यादा ५ केली. आणि एवढं करून पायरसी थांबली का, तर नाही, त्या वर्षी सगळ्यात जास्त पायरेट झालेल्या गेम्समध्ये स्पोर होताच. म्हणजे फुकट उतरवणाऱ्याला मोजणी नाही आणि पैसे देणाऱ्याला आहे. माझ्या एका गेमचं असंच झालं, हार्ड डिस्क गेली, नवीन टाकली, विंडोज परत टाकलं आणि गेम सांगतोय तुमची ॲक्टिव्हेशन संपली. कॉम्प्युटर तोच, मी तोच, पावती समोर, आणि सपोर्टला मेल टाकून चार दिवस उत्तराची वाट बघत बसलो. स्वतः विकत घेतलेल्या वस्तूसाठी परवानगी मागायची, याचा राग अजून गेलेला नाही.

तरीही मी म्हणेन की ऑलवेज ऑनलाइन याच्यापेक्षा कितीतरी वाईट. कारण तिथे तुमचं काहीही चुकायची गरजच नाही. मार्च २०१० मध्ये असॅसिन्स क्रीड २ पीसीवर आला, एकट्याने खेळायचा गेम, पण नेट तुटलं की तिथल्या तिथे थांबायचा. आल्या आल्याच तो काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि ज्यांनी पैसे मोजले होते तेच खेळू शकेनात, त्यांच्या घरचं नेट धडधडीत चालू असताना! शेवटी २०१२ मध्ये युबिसॉफ्टनेच सांगितलं की आता ऑलवेज ऑनलाइन नाही, पीसी गेमला एकदाच ॲक्टिव्हेशन. म्हणजे ज्यांनी ते लादलं त्यांनाही हा फरक शेवटी मान्य करावा लागला.

आता कंपन्या म्हणतात की हे डीआरएम नाही, गेम बनलाच तसा आहे. कधीकधी ते खरंही असतं, दहा जण मिळून खेळायचा गेम सर्व्हरशिवाय कसा चालणार, तिथे माझी तक्रार नाही. पण २०१३ चा सिमसिटी आठवा, शहर वसवायचा गेम. सर्व्हर कोलमडले, लोक तासन् तास रांगेत, आणि वर उत्तर काय तर शहराचं बरंच गणित आमच्या सर्व्हरवर होतं, ऑफलाइन करणं फार मोठं काम आहे. मग खेळाडूंनीच दाखवून दिलं की नेट तोडलं तरी शहर चालू राहतं, आणि मार्च २०१४ मध्ये ऑफलाइन मोड आला सुद्धा.

डेनुवो नावाच्या डीआरएमबद्दल पण इथेच सांगतो कारण त्यालाही लोक सरसकट ऑलवेज ऑनलाइन म्हणतात. तसं नाहीये, तो ॲक्टिव्हेशनच्या जातीचा आहे, पहिल्यांदा नेट लागतं आणि नंतर अपडेट आलं किंवा मशीन बदललं की परत लागू शकतं.

खरा फरक कळतो तो कंपनीने सर्व्हर बंद केल्यावर. ॲक्टिव्हेशनवाला गेम तुमच्या मशीनवर एकदा ॲक्टिव्हेट झालेला असेल तर साधारण चालत राहतो, नव्या मशीनवर मात्र अडतो. ऑलवेज ऑनलाइनवाला त्याच दिवशी मेला. युबिसॉफ्टचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम द क्रू डिसेंबर २०१४ ला आला, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, आणि एकट्याने खेळायची गोष्टसुद्धा सोबत गेली. त्यावरूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरने स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम सुरू केली आणि जुलै २०२५ मध्ये युरोपातल्या त्यांच्या अर्जावर १० लाखांच्या वर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की लायसन्स विकत असाल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा, आणि कायम ऑफलाइन ठेवता येईल असं डाउनलोड दिलं तर त्यातून सूट. जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर तसंच मिळतं, इन्स्टॉलर उतरवून जपून ठेवायचा, दोन्ही कटकटी नाहीत.

स्टीम या ऑनलाइन गेम दुकानातून घेत असाल तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर रिफंड मिळतो. त्यातली पहिली दहा मिनिटं यासाठी ठेवा: गेम एकदा नेटवर चालू करा, बंद करा, स्टीम ऑफलाइन मोडला टाका, नेट काढा आणि परत चालू करा. चालू झाला तर ॲक्टिव्हेशनच्या जातीचा, नाही झाला तर पैसे परत मागायला अजून वेळ आहे.