फिटनेस ट्रेनरचा कोर्स: फी भरण्याआधी मान्यता आणि कागद तपासून घ्या

"आमची संस्था गव्हर्नमेंट रजिस्टर्ड आहे" एवढ्या एका वाक्यावर पोरं फी भरतात आणि पुढे मुलाखतीत सर्टिफिकेट परत हातात येतं. गुमास्ता, उद्यम नोंदणी, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयएसओ यांपैकी काहीही भिंतीवर लावलेलं असलं, तरी ती संस्थेची कागदपत्रं आहेत. कोर्सच्या मान्यतेशी त्यांचा संबंध नाही. काउंटरवर हे कुणी सांगत नाही, आणि त्याचाच राग येतो.

ट्रेनर म्हणून काम करायला आपल्याकडे सक्तीचा परवाना नाही, पण चांगल्या जिममध्ये मान्यताप्राप्त सर्टिफिकेट विचारतात. व्यवसाय शिक्षणातली ही मान्यता एनसीव्हीईटी ही केंद्र सरकारची नियामक परिषद देते आणि फिटनेस क्षेत्रातली कौशल्य कौन्सिल म्हणजे एसपीईएफएल-एससी. तिचं 'फिटनेस ट्रेनर' हे क्वालिफिकेशन एनएसक्यूएफच्या, म्हणजे कौशल्य पात्रतांच्या राष्ट्रीय आराखड्याच्या, लेव्हल ४ वर आहे. संस्थेकडून क्वालिफिकेशनचं पूर्ण नाव आणि कोड लेखी घ्या आणि नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टरच्या वेबसाइटवर तो कोड टाकून पाहा. तिथे लेव्हल, अवॉर्डिंग बॉडी (सर्टिफिकेट देणारी संस्था), शिकवण्याचे तास आणि मुदत दिसते. तास नीट बघा. नोंद शेकडो तासांची आणि क्लास दोन शनिवार-रविवारचा असेल, तर तो कोर्स हा नव्हेच. मुदतीतही फसगत होते: तिथली तारीख क्वालिफिकेशनची असते, तुमच्या प्रवेशाची नाही. जुनं माहितीपत्रक दाखवून मुदत संपलेल्या कोडवर प्रवेश दिला, तर परीक्षेच्या वेळी अडकणार तुम्ही. शंका असेल तर जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात कोड घेऊन जा आणि विचारा.

बीपीएड झालेल्यांसाठी एक गोष्ट. ती पदवी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यासाठी आहे. जिममध्ये तिचा उपयोग होतो, पण ट्रेनर सर्टिफिकेटची जागा ती आपोआप घेत नाही.

पात्रतेत ढोबळमानाने बारावी, किंवा दहावी आणि कामाचा अनुभव असे पर्याय असतात. नेमकी अट त्या कोडच्या नोंदीतच वाचा. दहावीवाल्यांची गाडी अनुभवपत्रावर अडते. तीन-चार वर्षं जिममध्ये राबलेल्या मुलाकडे एक ओळीचाही पुरावा नसतो, कारण पगार रोख मिळालेला असतो. 'सदर इसम आमच्याकडे कामास होता' एवढं लिहिलेलं पत्र पुरत नाही. लेटरहेडवर जिमचं नाव-पत्ता, गुमास्ता क्रमांक, काम केल्याची 'पासून-पर्यंत' तारीख, पद, प्रत्यक्ष काय काम केलं, मालकाची सही, शिक्का आणि फोन नंबर हवा. बँकेत किंवा यूपीआयवर पगार आला असेल तर तेवढ्या नोंदींची प्रिंट सोबत जोडा. तालमीत शिकवलं असेल आणि तालीम मंडळ नोंदणीकृत असेल, तर नोंदणी क्रमांकासह मंडळाचं पत्र घ्या, मात्र ते चालेल का हे प्रवेशाआधी लेखी विचारा. ओळखीच्या जिमवाल्याकडून खोट्या तारखांचं पत्र घेऊ नका. फोन लावून खातरजमा झाली की अर्जही जातो आणि त्या भल्या माणसाचं नावही.

नावाची भानगड घरोघरी आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि लग्नानंतर दोन्हीकडे वेगळं. सर्टिफिकेट बहुतेक आधारवरच्या नावानेच छापलं जातं, म्हणून दुरुस्ती नोंदणीच्या आधी करा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. घाईत चुकीचं स्पेलिंग देऊन ती संधी वाया घालवू नका. नाव मुळातूनच बदललेलं असेल तर राजपत्राची प्रत लागते. आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे ना, तेही बघा, नाहीतर ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जातो. गुणपत्रिका हरवली असेल तर छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोलीवाल्यांना संभाजीनगरचं विभागीय मंडळ, तर लातूर, नांदेड आणि धाराशिववाल्यांना लातूरचं. चुकीच्या मंडळाकडे गेलात की एसटीचं भाडं आणि दिवस दोन्ही गेले.

फोटो, फॉर्म, ऑनलाइन नोंदणी यात अवघड काही नाही. बॅच सुरू होताना बॅच आयडी मात्र मागून घ्या आणि फीची पावती कोर्सच्या कोडसह घ्या.

आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटकडे वळणाऱ्यांनी एसीई, एनएएसएम, एसीएसएम, एनएससीए या सर्टिफिकेट देणाऱ्या अमेरिकन संस्थांच्याच वेबसाइटवरून पात्रता वाचावी, एजंटच्या पोस्टरवरून नाही. एसीईला वय किमान १८ लागतं आणि सीपीआर-एईडीचं (हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब आणि यंत्राने शॉक देण्याचं) सर्टिफिकेट. नुसता व्हिडिओ पाहून मिळालेलं सीपीआर सर्टिफिकेट नको, पुतळ्यावर प्रत्यक्ष दाब देऊन घेतलेलं हवं: मिनिटाला १०० ते १२० दाब, किमान ५ सेंटिमीटर खोल. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या कार्डाची मुदत २ वर्षं, आणि ती परीक्षेच्या दिवशी शिल्लक असायला हवी. आधारवर तुमची सही नसते. परीक्षा केंद्र सही असलेलं ओळखपत्र मागतं तेव्हा पासपोर्ट कामी येतो, आणि त्यावरचं नाव नोंदणीतल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. नूतनीकरणाची तारीखही सर्टिफिकेटवरचीच धरा, कागद पोस्टाने हातात आला त्या दिवसापासून मोजू नका. एसीईला दर २ वर्षांनी २० तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं.