खोल रोल म्हणजे भारी रक्त? नाही हो

रोलर कबुतरं उडता उडता मागे सलग कोलांट्या घेत खाली येतात, तो रोल; जितकं जास्त खाली, तितका खोल. "सगळ्यात खोल रोल मारणारा नर आणि तशीच मादी जोडा, लाईन स्ट्रॉंग होते" हे वर्षानुवर्षं ऐकतोय, पण चुकीचंय ते. रोलिंग रक्तातच असतं, शिकवून येत नाही हे खरं, पण दोन्हीकडून डोस वाढला की पिल्लांचा ताबाच सुटतो, काही तर रोल थांबवता न आल्याने थेट जमिनीवर आपटतात. पार्लर रोलर जातीचा पक्षी बघा ना, मोठा झाल्यावर उडतच नाही, जमिनीवरच मागे कोलांट्या घेत जातो! खरी पारख रोल संपतो त्या क्षणी, पक्षी झटकन सावरून थव्यात परत येतो का ते बघा. आणि पिल्लांना घाईने बाद करू नका, बरीचशी आधी उडताना नुसती शेपटीवर बसल्यासारखी करतात, रोल काही महिन्यांनी धरतात.